मागचे दोन टायर

तांडा, ता. मानोरा, जि. वाशीम
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. रवी आणि सौ. अंजू यांस राम राम.

तांड्याच्या रस्त्यावर ज्यांच्या गाडीचं पोट एकदा तरी घासलं, त्या सगळ्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: रस्ता अजून झालेला नाही. खडी पडली, फोटो निघाले, खडी तशीच आहे. दिवाळीत तू घातलेल्या शिव्या रास्त होत्या.

बाकी ठीक. तूर फुलावर आहे. निम्मा तांडा ऊसतोडीला गेला, कापूस वेचायला माणूस मिळत नाही. याडी उद्या सकाळच्या एस्टीने नागपूरला तुझ्याकडे निघते आहे. हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवलंय, कारण आपल्या आईला वाचता येत नाही.

"फोन काहून नाय करत?" म्हणाली.

"लंबं हाय."

"मंग त्यालेच वाचू दे. मले तुहं भाषण नोको."

रविवारी तू तिला समृद्धी महामार्गाने शिर्डीला नेणार, हे तिनं तांडाभर सांगितलंय. मला तर चारदा.

रवी, टायरांबद्दल लिहायचं आहे. माझ्या जीपला जाड कडेचे टायर लागतात; इथला दगड कडच फाडतो. ट्रॉलीला रिमोल्ड चालतात. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेलं, बैलाच्या चालीने शेतात जायला पुरे. तुझी गाडी तासाला शंभरच्या पुढे पळते. तिला कोरे, चांगल्या पकडीचे टायर हवेत. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरी "दादा, मागचे दोन घासले, कोणते टाकू?" असं तू विचारलंस, तेव्हा मी रिमोल्ड सांगितले.

टायरवाला वसीम मला बाजूला घेऊन म्हणालाही, "भाऊसिंगभाऊ, कारले हे रिमोल्ड? जोरात पळवली तं सोलून निघन."

"तो गल्लीतच फिरवते," मी म्हटलं. तू समोर चहा पीत होतास, माझ्यावर भरवसा ठेवून.

पाडव्याला मी देवळापुढे रस्त्यासाठी बोलत होतो. दोनशे माणसं होती. तुझा हॉर्न वाजला आणि माणसं उठली, सगळ्यांत पुढे याडी. तुझ्या पुढच्या सीटवर बसून शेजारच्या धुरपताबाईला म्हणाली, "यात कंबरेले गचकाच नाय लागत." अठरा वर्षं मी तिला जीपमधून दवाखान्यात नेतोय. जीपबद्दल तिच्या तोंडून एक बरा शब्द आला नाही.

मत्सरावर मी तासभर बोलू शकतो, तेवढी पुस्तकं वाचली आहेत. त्या दिवशी एकही कामाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू टायरांचं विचारलंस तेव्हा वाटलं, तुझी गाडी भर रस्त्यात बसावी आणि लोकांनी पाहावी. त्या गाडीत याडी बसलेली असेल, अंजू असेल, हे डोळ्यांपुढे आलंच नाही. शिर्डीचं कळल्यापासून जेवण जात नाही. फोन तीनदा हातात घेतला. तीनदा खिशात टाकला.

स्टँडवरून तू तिला त्याच गाडीत घरी आणलं असशील. सावकाश आणलं असशील, तेवढं ठीक. आता हे वाच आणि चावी घेऊन ऊठ. मागचे दोन्ही टायर उतरव, कोरे टाक. तोवर आपल्या आईला त्या गाडीत बसवू नकोस.

ज्याला विचारून फसलास तो,
भाऊसिंग