थोरल्याचा वाकडा साचा

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खांदा कसा आहे? वहिनीने कळवलं की व्यायाम शिकवायला येणाऱ्यालाच तू धनुष्य धरायला शिकवतोस. सोड रे बिचाऱ्याला.

इकडे माझी फजिती झाली आहे. तिरंदाजीच्या मास्तरांनी माझी तिन्ही धनुष्यं परत आणली. बाण उजवीकडे जातात म्हणे! दादा, मी कुठेच घाई केली नाही. लाकूड साच्यावर आवळून बांधलं, पोटाची, म्हणजे आतली, बाजू निखाऱ्यांवर कॉफीच्या रंगाची होईपर्यंत शेकली, बांधलेलंच थंड होऊ दिलं आणि पुढे आठ दिवस दोरी चढवली नाही. (तू तिसऱ्याच दिवशी चढवायचास आणि तुकडे पलंगाखाली लपवायचास.) वाक जिथल्या तिथे आहे. बदल एकच केला. तुझा जुना साचा डावीकडे झुकलेला दिसला, म्हणून नवा सरळ बनवला.

मास्तर शनिवारी पुन्हा येतील. त्यांनी पाठ फिरवली तर कारखान्याला कुलूप, असं तूच बजावून गेलास. काय चुकलं ते लगेच कळव.

तुझी लाडकी आणि तुझ्याहून शहाणी,
धाकटी

ता. ७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. हे लिहिताना हात जड झाला आहे, आणि त्यात खांद्याचा काही दोष नाही.

तो साचा चौदाव्या वर्षी मी माळ्यावरून पाडला. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यावर शेकलेलं प्रत्येक धनुष्य बाण जरासा डावीकडे टाकतं. चाळीस वर्षांत सगळ्यांनी नेम उजवीकडे धरायची सवय करून घेतली, मास्तरांनीसुद्धा. मी मात्र ‘आमच्या घराण्याची खुबी’ म्हणून मिरवत राहिलो.

मास्तरांना खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. कुलूप विसर. फक्त वहिनीला कळू देऊ नकोस, जन्मभर ऐकवेल.

तुझा शरमिंदा,
दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिन्ही धनुष्यं त्यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून घेतली. स्वतःसाठी मात्र एक वाकडंच बनवायला सांगितलं, या वयात नेम बदलणं जमायचं नाही म्हणाले.

म्हणून जुना साचा पुन्हा काढला. पुसताना तळाची चामड्याची पट्टी सुटून आली. खाली पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘थोरल्याने पाडला. तो आपणहून सांगेपर्यंत कोणी विचारू नये.’

दादा, मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. मग तुझं चौदा वर्षांचं तोंड आठवून हसू आलं. वहिनीला मी काही बोललेले नाही. तुला आलेली पत्रं तीच आधी उघडते, याला माझा इलाज नाही.

पट्टी परत ठोकण्याआधी बाबांच्या ओळीखाली मी तुझ्या पत्राची तारीख घातली आणि लिहिलं: ‘सांगितलं.’

माया आहे तेवढीच ठेव, कारखान्याची किल्ली मी ठेवते.

तुझी,
धाकटी