ताईसाठी दोन मिनिटं शांतता

प्रिय ताई,

मी शिवलेल्या कोटाला तू चारचौघांत पोतं म्हणालीस, तेव्हापासून आपला अबोला. म्हणून तुला माहीत नसेल, मी हल्ली इंग्रजीच्या वर्गाला जाते.

काल बाईंनी भूतकाळ शिकवला. संपलेल्या गोष्टीला एक क्रियापद, अजून चालू असलेल्या गोष्टीला दुसरं. मग म्हणाल्या, "घरच्या माणसाबद्दल एक वाक्य बोला." मी रागाच्या भरात तुला संपलेल्यात टाकलं: मला एक बहीण होती.

"अरेरे! कधी गेल्या?" शेजारच्या बाकावरचे न्हावीकाका कळवळले.

मी अबोला मोजून म्हणाले, "चार वर्षं झाली."

अख्खा वर्ग तुझ्यासाठी उभा राहिला. मी खरं सांगणारच होते, पण बाई डोळे पुसत म्हणाल्या, "वाक्य मात्र बिनचूक हं!" असं कौतुक मला पहिल्यांदाच मिळालं गं.

पण त्या दोन मिनिटांत मला खरंच रडू फुटलं. काकांचा रुमाल अजून माझ्याकडेच आहे.

हे पत्र काही टाकत नाही. वाचलंस तर आणखी चार वर्षं बोलणार नाहीस. त्यापेक्षा फोनच करते. तू नुसतं "कोण?" म्हणालीस, तरी उद्या वर्गात वाक्य बदलीन.

तुझीच,
पोतेवाली