कानात वाचलेल्या पाट्या

शनिवार, १७ मे २०१४

आज मैत्रीण सुलभाने आम्हा दोघांना काऊबॉयचा मूकपट दाखवायला नेलं. मोतीबिंदूमुळे ह्यांना पडद्यावरच्या पाट्या वाचता येईनात. पलीकडे बसलेली सुलभा त्या मराठी करून ह्यांच्या कानात सांगू लागली. ह्यांची मान तिच्याकडे झुकली ती झुकलीच!

"भावजी, तो दरोडेखोर म्हणतोय, घोडा दे, नाहीतर बायको नेतो."

"घोडा महाग असेल हो," हे म्हणाले. दोघं खिदळले.

घरी ह्यांना रोज पेपर कोण वाचून दाखवतं? ज्या कादंबरीवरून हा सिनेमा काढलाय, ती कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्या नजरेआड कोणी वाचली होती? मीच ना? मग पाट्या सांगायला मीच का पुढे झाले नाही? ती झुकलेली मान... साठी उलटल्यावर हे शोभतं का मला?

परतताना एमआरटीच्या मेट्रोत हे म्हणाले, "अगं, शेवटी सुलभा रडतच बसली. शेवटची पाटी राहिलीच. काय झालं गं?"

मला काय ठाऊक? मी पडद्याकडे बघतच नव्हते. मग कादंबरीतला शेवट सांगायला लागले, नायक घोडा देऊन बायकोला सोडवतो तो. गाडीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ह्यांनी मान माझ्याकडे झुकवली.

तो शेवट मी आमचं पुंगोल स्टेशन येईपर्यंत लांबवला.