मशीनच्या पायाखालची चिठ्ठी

अहो,

झाडताना शिवणाच्या मशीनच्या पायाखाली कागदाची घडी सापडली. आपल्या पहिल्या खोलीतही मशीन डुगडुगायचं आणि तुम्ही अशीच घडी सरकवायचात. तरी तुम्ही शिवलेल्या माझ्या पहिल्या ब्लाउजची एक बाही लांब झालीच, आणि खापर फुटलं मशीनवर!

पण ही घडी निघाली टीबीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी तुम्हाला एचआयव्ही तपासणीसाठी दिलेल्या चिठ्ठीची. तीन आठवड्यांपूर्वीची. तिथल्या बाकावर आपलीच गिऱ्हाइकं बसतात, म्हणून तुम्ही गेला नाहीत, हे मला कळतं. पण तुम्हाला खरी भीती मला काय वाटेल याची आहे ना? तुम्ही परगावच्या कारखान्यात होतात, त्या दोन वर्षांबद्दल मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

टीबीच्या गोळ्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवल्यात, आधी त्या घ्या. मशीनखाली दुसरा कागद घाला, कारण चिठ्ठी मी नेतेय. आधी माझी तपासणी करून घेते, मग बाकावर तुमची जागा धरून बसते. तो लांब बाहीचा ब्लाउज घातलाय. कसाबसा बसला, पण लांबूनही ओळखाल.