पाठीवरचा तीळ

हुडकेश्वर, नागपूर
७ जानेवारी २०२४

ती. यमुवहिनींस धर्मेंद्रचा शि. सा. नमस्कार.

साडेसहा वर्षांत तुम्ही माझा फोन उचलला नाही, म्हणून पत्र लिहितो. पाकिटावरचं अक्षर पाहून फाडू नका.

माझ्या पाठीवर डाव्या खांद्याखाली काळा तीळ आहे. मला तो दिसत नाही. दिवाळीत तेल लावताना तुमची जाऊ चारुशीला म्हणाली, की हा वाढला. तिच्या आग्रहानं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दिव्याचं भिंग टेकवून बराच वेळ पाहिलं. एका बाजूची कड तुटक आहे म्हणाल्या, आणि काळ्यात निळसर रंग मिसळला आहे. तीळ कधीपासून आहे, असं विचारलं. मी सांगितलं, जन्मापासून. आई म्हणायची ना, माझ्या पोराच्या पाठीवर तीळ आहे, हा घर सांभाळणार. बाई म्हणाल्या, जन्मापासूनचा असेल तर आज फोटो काढून ठेवू, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. चाळिशीनंतर नवा उगवला असता तर थांबलेच नसते, लगेच काढून तपासायला पाठवला असता.

घरात कोणाला असं काही झालं होतं का, हेही विचारलं. मी दादाच्या टाचेच्या कॅन्सरचं सांगितलं. त्यांना दादाच्या तपासणीचा कागद हवा आहे. तो तुमच्याकडे असेल. पाठवा.

लोभ ठेवा असं कोणत्या तोंडानं लिहू? तरी लिहितो.

आपला
धर्मेंद्र


मोवाड, ता. नरखेड
१६ जानेवारी

श्री. धर्मेंद्र यांस यमुनाबाईचा नमस्कार.

पत्र फाडलं नाही. बागेत मृगबहाराच्या संत्र्याची तोड चालू आहे, म्हणून उत्तराले उशीर.

कागद आहे. ह्यांच्या कपड्यांखाली ट्रंकेत आहे. एवढं मोठं औषधाचं दुकान तुमचं, अन् एका कागदासाठी मोवाडले लिहा लागलं.

ह्यांच्या तेरवीले मांडवात बसून तुम्ही चार लोकांत सांगितलं, का वहिनीनं टाचेवर झाडपाला बांधला म्हणून दुखणं बिघडलं. तवापासून माह्या माहेरचेबी मले विचारतात, का तू काय बांधलं होतं वं. मी काही बांधलं नव्हतं. ह्यांच्या टाचेले तुमच्या दुकानातली पट्टी होती. ते आधी लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं. मंग कागद पाठवीन.

तुम्हाले आशीर्वाद लिहायची हाताची सवय मोडली.

यमुना


हुडकेश्वर
२२ जानेवारी

ती. यमुवहिनींस,

मी तुमच्या कचेरीत अर्ज करून राहिलो नाही. आजारी माणसाला अटी घालता, हे दादाला आवडलं असतं का, याचा विचार करा. मलाही दोन मुली आहेत. माझ्या दुकानात दिवसाला शंभर गिऱ्हाईकं येतात, प्रत्येकाचा पाय हातात घेऊन पाहता येत नाही. तुम्हाला माझं मरणच पाहायचं असेल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे मी पुन्हा त्रास देणार नाही.

धर्मेंद्र


मोवाड
२९ जानेवारी

श्री. धर्मेंद्र यांस,

मरण मी पाहिलं आहे. चौदा महिने, रोज थोडं थोडं. दुसरं पाहायची हौस नाही.

त्या शंभरात तुमचा भाऊ होता.

कागद ट्रंकेतच आहे.

यमुना


हुडकेश्वर
८ फेब्रुवारी

ती. यमुवहिनींस शि. सा. नमस्कार.

चारुशीलानं तुमची दोन्ही पत्रं वाचली. तिनं मला एकच गोष्ट विचारली, की त्या दिवशी दादांनी जोडा काढला होता का. खोटं उत्तर तोंडात तयार होतं. दिलं नाही.

खाली लिहितो ते कोणालाही दाखवा.

२०१५ च्या पोळ्यानंतर माझा मोठा भाऊ वामनराव दुकानात आला. म्हणाला, टाचेत काळा डाग पडला आहे, चालताना ठुसठुसते, जरा पाहतो का गा. गर्दी होती. मी काउंटरमागूनच म्हणालो, कुरूप असेल, आणि कुरुपाची पट्टी दिली. त्यानं जोडा काढला नाही आणि मी काढायला सांगितलं नाही. दिवाळीत आणि संक्रांतीला तो पुन्हा पट्ट्या घेऊन गेला. तेव्हाही मी पाहिलं नाही. डागातून रक्त येऊ लागलं तेव्हा वहिनीनंच त्याला दवाखान्यात नेलं. तोवर जांघेत गाठ आली होती.

तेरवीला भाऊबंद विचारू लागले, की तुझं औषधाचं दुकान असून असं कसं झालं. मी घाबरलो. झाडपाल्याचं बोलणं मी बसल्या जागी रचलं. वहिनीनं काही बांधलं नव्हतं.

कागद पाठवा किंवा पाठवू नका. हे मी कागदासाठी लिहिलं नाही, असं मात्र म्हणवत नाही.

धर्मेंद्र


मोवाड
१३ फेब्रुवारी

श्री. धर्मेंद्र यांस,

तुमचं पत्र लेक काजलनं मोठ्यानं वाचलं. माह्या भावाले बोलावून घेतलं होतं. त्यानं ऐकलं अन् मान खाली घातली. आता तो बाकीच्यांले सांगेल.

कागद सोबत आहे.

आता दुसरं. हे डॉक्टरीणबाईले आजच्या आज सांगा. तुह्या पाठीवर तीळ नव्हता. मी लग्न होऊन आली तवा तू सहा वर्षांचा होता. सासूबाई अंथरुणाले खिळल्या, तवापासून तुले आंघोळ मीच घातली. गोवर निघाला तवा दहा दिवस पाठीले कडुनिंबाचं पाणी मीच लावलं. पाठ कोरी होती. सासूबाई ज्या तिळाचं सांगत, तो ह्यांच्या पाठीवर होता. त्या 'माह्या पोराच्या' म्हणत, तू तो आपला समजला असशील.

हे मले तुमचं पहिलं पत्र वाचलं तवाच समजलं होतं. एक महिना मी ते लिहिलं नाही. तुम्ही न पाहता बोलले होते. मी पाहिलेलं असून बोलली नाही. ते माह्या अंगावर आहे.

यमुना


हुडकेश्वर
१२ मार्च

ती. यमुवहिनींस शि. सा. नमस्कार.

पत्र हातात पडलं त्याच दुपारी बाईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, तुमचं पत्रही वाचलं, आणि तीन महिन्यांची तारीख खोडून टाकली. दुसऱ्या दिवशी तीळ आजूबाजूच्या कातडीसकट काढला. दहा दिवसांनी अहवाल आला. वाईट जातीचाच होता, दादाला होता तोच रोग. पण अजून कातडीच्या वरच्या थरातच होता, खाली उतरला नव्हता. मग कड आणखी रुंद कापली, नऊ टाके घातले. आता दर तीन महिन्यांनी सगळं अंग दाखवायचं. जिवाला धोका नाही म्हणाल्या.

तुम्ही महिनाभर गप्प राहिलात हे वाचून मला फार संताप आला. अजून आहे. आईसारखं वाढवलेल्या माणसाशी असं करवलं तुम्हाला. चारुशीलाशी बोलायला गेलो तर ती म्हणाली, की या विषयावर तुम्ही बोलू नका.

बाईंनी निरोप दिला आहे. घरात दोघांना झालं, तेव्हा माझ्या दोन्ही मुलींबरोबर दादाच्या मुलीचंही अंग एकदा तपासून घ्यावं. तळपाय, तळहात, नखंसुद्धा. काजलला पाठवता का, एवढं कळवा.

आपला
धर्मेंद्र


मोवाड
१९ मार्च

श्री. धर्मेंद्र यांस,

टाके सुकले का ते चारुशीलाले लिहायले सांगा. तुमच्या हातचं नको.

तुमचा संताप राहू द्या. माहाबी आहे.

पत्र आलं त्या दिवशी काजलले उन्हात बसवून हातपाय पाहिले. डाव्या तळहातावर बोटाच्या मुळाशी काळा ठिपका आहे, तिळाच्या दाण्यापेक्षा बारीक. ती म्हणते पहिलेपासून आहे. मले आठवत नाही. तुमची पाठ आठवते अन् पोटच्या पोरीचा हात आठवत नाही. दोन दिवस तेच डोक्यात घेऊन बागेत फिरून राहिली.

काजल मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. स्टँडवर तुम्ही जा, पण डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिच्यासंग चारुशीलाले बसवा. भिंगातून काय दिसलं ते पोरगीच मले येऊन सांगेल. तुम्ही बाहेर थांबा. कोणी विचारलं तरी, काही नसेल, असं म्हणू नका.

लोभाचं मागाहून पाहू.

यमुना