सशाच्या रक्तातली रेघ

४ डिसेंबर
बुलढाण्यात कडाका. आई वडनेरहून आली. खोलीमागं पिंजऱ्यात ससा पाहून पिशवी हातातच. "हे काय करून राह्यली तू? कॉलेजात पोरं शिकवतं का ससे पाळतं?"
सांगितलं: मोड आलेल्या हरभऱ्याच्या मुळाचं टोक वाटून रस महिनाभर याला टोचतेय. टोकाशी पेशी सारख्या दुभंगतात. त्यांना 'आता दुभंगा' सांगणारं काही प्रथिन तिथं असणार. सशाचं शरीर त्याला परकं समजून त्यावर प्रतिपिंड बनवील. तेच हवंय.
"त्याले दुखत नाई का?"
मी सुई उकळायला ठेवली.

११ डिसें.
कानाच्या शिरेतून रक्त काढलं. आईनं त्याला धरलं. रक्त गोठल्यावर सुटलेल्या निवळ सीरममध्ये मुळाच्या जुन्या भागाचा रस मिसळून दोन्ही भागांतल्या सामाईक प्रथिनांवरचे प्रतिपिंड काढून टाकले. मग अगरच्या जेलीसारख्या थरात मधे सीरम, एका बाजूला टोकाचा रस, दुसरीकडे जुन्या भागाचा. प्रतिपिंडाला त्याचं प्रथिन भेटतं तिथं पांढरी रेघ येते; ती टोकाकडेच यावी.

१३ डिसें.
रेघ! टोकाकडेच!
वर्गात काय शिकवलं देव जाणे. माझे मार्गदर्शक नागपूरला, त्यांना ट्रंक कॉल. सर म्हणाले, "एकदा आलेल्या रेघेवर भरवसा नको. ससा मारून सगळं रक्त घ्या, म्हणजे पुढचं सगळं काम एकाच सीरमवर होईल."
बरोबरच आहे त्यांचं. तेच तर खुपतं.

१४ डिसें.
आईला सांगितलं. दुपारी पिंजरा रिकामा. ससा तिच्या मांडीवर, कोथिंबीर खात.
"काऊन मारतं त्याले? देऊनच तर राह्यला तो."
"सर म्हणतात..."
"सरले म्हणा, या अन् तुमीच मारा."
हसू आलं. रागही आला. सुया उकळत होत्या, स्टोव्ह विझवला.

१७ डिसें.
पुन्हा कानातूनच. थोडंच मिळालं. सरांना कळवलं नाही.

१९ डिसें.
टोकाकडे रेघ, ठसठशीत. आणि जुन्या भागाकडेही. फिकट, केसासारखी.
सीरममध्ये जुन्या भागाचा रस मिसळणं कमी पडलं? सर तेच म्हणतील. सीरम कच्चं.
पण या खेपेचा हरभरा जरा जास्त वाढलेला. जुन्या भागातूनच बारीक मुळं फुटतात. बाहेर दिसण्याआधी आत पेशी दुभंगायला लागल्या असतील तर? तर ती रेघ चूक नाही, माझ्याआधी त्या रेघेलाच दिसलं. किंवा मी स्वतःची समजूत घालतेय.
उद्या जुन्या भागाचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. नाताळच्या सुट्टीच्या आत सरांना काहीतरी सांगावं लागेल, आणि...
आई म्हणाली, "जमलं का मंग?"
"माहीत नाही."
तिनं सशाच्या कानावर फुंकर घातली. "आता एवढ्यात हात लावू नको याले."
सीरम थेंबभर उरलंय.