मिठागरावर म्हटलेली कविता

१८ जानेवारी, रविवार. डोंबिवली.

सईचा, माझ्या नातीचा, वारसा पर्यटन व्यवस्थापनाच्या एम.ए.चा प्रकल्प आज पार पडला. कोपरीच्या खाडीकाठी जुन्या मिठागरावर तिने वीस माणसं फिरवली. मार्क द्यायला मॅडम आलेल्या. मी ‘स्थानिक जाणकार’.

माझे वडील तिथे मीठ ओढायचे. पायांच्या भेगांत मीठ शिरायचं. घरी आले की मी त्यांच्या पायांवर गोडं पाणी ओतायचो आणि ते दात आवळून बसायचे. तेच सांगायला लागलो, तर सई कानाशी लागली.

“आजोबा, प्लीज. लोक सुट्टीचे आलेत, सॅड नको. ती शाळेतली समुद्राची कविता म्हणा ना.”

एका गृहस्थांनी विचारलंही, “काका, पायांचं काय सांगत होतात?”

“काही नाही. खारी हवा पायांना चांगली असते.”

असं म्हणालो मी. त्या पायांबद्दल.

मग कविता म्हटली, अगदी चालीवर. टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, “पर्यटकाला हेच हवं असतं.”

सईवर काय चिडायचं? तिने एकदाच सांगितलं आणि मी लगेच ऐकलं. बरंही वाटलं, टाळ्या पडेपर्यंत.

मी शाळेतून पाठ करून यायचो त्या कविता वडिलांना कधी कळल्या नाहीत. आजची मी कशाऐवजी म्हटली, ते मात्र नेमकं कळलं असतं.